परड्यातली दोन झाडं

वकीलबाई, नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो. यजमान मिलिटरीत आहेत, पोस्टिंग लांब. घरी मी आणि सासरे, वय ७८. मुलगा बेंगळूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दसऱ्याच्या सुट्टीला आलाय. गोठ्यामागं परड्यात आप्पांनी गांजाची दोन झाडं लावलीत. एकादशीला भजनाला बसायच्या आधी चिलीम ओढतात, म्हशीचं पोट फुगलं तर पाला चारतात. विकत कुणाला देत नाहीत. गेल्या महिन्यात शेजारच्या गावात उसात गांजा सापडला, पोलीस आले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काढा म्हटलं तर आप्पा म्हणतात, 'देवानं दिलेलं झाड हाय, सरकारनं लावलंय काय?' मुलगा आप्पांच्याच बाजूनं. म्हणतो, निसर्गात उगवणारी वस्तू सरकार बेकायदा कशी ठरवणार, जगभर कायदे बदलायलेत. त्यानं स्वतःच माळ्यावर प्लॅस्टिकच्या डब्यात नशेच्या अळंबीचं बी लावलंय, ऑनलाइन मागवून. 'नशा नाही आई, औषध आहे' म्हणतो. दुसऱ्या वर्षापासून त्याला झोप येत नाही म्हणे. जमिनीचा उतारा यजमानांच्या नावावर आहे. ते गणपतीला रजेवर आले तेव्हा झाडं बघून नुसते हसले. चुकतंय कोण ते सांगा. आणि दिवाळीच्या अनारशांसाठी खसखस आणून ठेवलीय, ती पण अफूचीच ना? टाकून देऊ काय?

खानापूर तालुक्यातली एक सून

*

वहिनी,

घाईचं आधी. परड्यातली झाडं आणि माळ्यावरचा डबा, दोन्ही या आठवड्यात घरातून गेली पाहिजेत. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे. ते वाचून तो म्हणेल, 'बघ आई, वकीलबाई माझ्याच बाजूच्या निघाल्या.' म्हणू दे. त्याचं म्हणणं अर्धंअधिक खरं आहे, म्हणून आप्पांची झाडं राहू देत, हा हिशेब मात्र मला मान्य नाही.

१९८५ सालचा अमली पदार्थांचा कायदा, ज्याला कोर्टात सगळे एनडीपीएस म्हणतात, तो गांजाच्या बाबतीत जरा चमत्कारिक आहे. बाळगणाऱ्याला तो तागडी लावतो. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर 'अल्प', शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर गेला की 'व्यावसायिक', किमान दहा वर्षं, आणि जामीन मिळता मिळत नाही. लावणाऱ्याला मात्र तागडीच नाही. विसावं कलम म्हणतं, गांजाचं झाड लावलं की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. दहा ही वरची हद्द, न्यायाधीश कमी देऊ शकतात. पण दोन झाडं आणि दोन एकर एकाच कलमात बसतात. म्हणजे बघा, आप्पांनी चिलमीपुरता माल एखाद्या गांजावाल्याकडून आणला असता तर गुन्हा लहान झाला असता. घरचं लावलं, कुणाला विकलं नाही, म्हणून मोठा झाला. ही गोष्ट मुलाला सांगा. 'निसर्ग, निसर्ग' करण्यापेक्षा वाद घालायला ही जास्त उपयोगाची आहे.

आता आप्पांच्या देवाचं. त्यांच्या म्हणण्याला सुप्रीम कोर्टाचा आधार निघतो हे ऐकून त्यांना हसू येईल. उत्तर प्रदेशातल्या एका शेतात गांजाची दहा झाडं सापडली होती. २००४ साली छापून आलेल्या निकालात सुप्रीम कोर्टानं त्या माणसाला सोडलं. बी मातीत असलं तर झाड आपोआपही उगवतं, यानंच लावलं याला पुरावा काय, असा सवाल होता. गांजा रानोमाळ उगवतो हे खरंच आहे. पण तुमच्या परड्यात काय चित्र असेल, ते मी न बघता सांगते. शेळ्या खाऊ नयेत म्हणून भोवती जुन्या मच्छरदाणीचं कुंपण, बुंध्याला आळं, आळ्यात शेणखत, आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी. आप्पांच्या वयाची माणसं झाड लावतात ती अशीच, लेकरासारखी. त्या आळ्यानंच केस उभी राहते. देवानं लावलेल्या झाडाला आळं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. याच कायद्याचं ४६वं कलम सांगतं की आपल्या जमिनीत गांजा किंवा अफू बेकायदा लावलेली असेल तर जमीनधारकानं ताबडतोब कळवलं पाहिजे, जाणूनबुजून गप्प बसणं हा गुन्हा. उतारा यजमानांच्या नावावर. आणि ते गणपतीला आले, बघितलं, हसले. त्या हसण्याची किंमत किती आहे हे त्यांना फोनवर नको, समोर आल्यावर समजावून सांगा. सरकारी नोकरीतल्या, त्यातून वर्दीतल्या माणसावर असली केस लागली तर निकाल लागायच्या आधीच सगळं लागून जातं. कायद्याचं बोट धरून चालायचं तर पोलिसांत कळवायला हवं. ते कसं, केव्हा, कुणाच्या तोंडून, यासाठी तुमच्या ओळखीच्या एखाद्या फौजदारी वकिलाकडे जाऊन बसा. मी आता काळा कोट घालत नाही, आणि असल्या गोष्टी छापून सांगायच्या नसतात. पण वकिलाकडे जायचं आहे म्हणून झाडं आणखी महिनाभर उभी ठेवू नका. हे दिवस फुलावर यायचे आहेत. कायद्याला गांजा म्हणजे फुलोऱ्याचा शेंडाच. नुसतं पान आणि बी त्या व्याख्येत येत नाही, म्हणून तर उत्तरेत काही राज्यांत सरकारी परवान्याची भांगेची दुकानं चालतात. पान चालतं, फूल चालत नाही, आणि झाड तर लावायचंच नाही. कुणी केला असेल हा हिशेब, असं वाटतं ना? सांगते पुढं.

आपल्या भागातली एक खास अडचण आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पंचनामा कानडीत होतो. आप्पांना कानडी बोलता येत असेल, वाचता येतं का? मी कित्येक म्हातारे बघितलेत, 'इल्ली सही माडी' म्हटलं की मराठीत सही ठोकून मोकळे. नंतर कोर्टात कळतं की दोन झाडांची बारा झालीत, नाहीतर परड्याचं शेत झालंय. आणि कुणी म्हणेल, झाडं उपटून तिकडं महाराष्ट्रात चंदगडच्या पाव्हण्याकडे नेऊन लावा, तर तेही नको. दारूचं प्रकरण राज्याराज्याचं, म्हणून गोव्याची बाटली कणकुंबीच्या नाक्यावर पकडतात. हा कायदा दिल्लीचा आहे. सीमा ओलांडली म्हणून काही बदलत नाही. त्या बाबतीत तरी सीमाप्रश्न सुटलेला आहे.

माळ्यावरच्या डब्याचं थोडक्यात. कायद्यात त्या अळंबीचं नाव नाही, तिच्यातल्या सायलोसायबिन या द्रव्याचं आहे. दोन ग्रॅमपर्यंत अल्प, पन्नास ग्रॅमच्या वर व्यावसायिक. मग वजन अख्ख्या अळंबीचं धरायचं की आतल्या द्रव्याचं, यावर कोर्टात भांडणं झाली. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका जामीन प्रकरणात म्हटलं की आतलं द्रव्यच मोजायचं. आरोपीला ते बरं. पण मोजणी प्रयोगशाळेत होते आणि अहवाल येईपर्यंत मुलगा कुठं असतो? तुम्ही जांबोटीच्या बाजूच्या असाल तर आषाढ-श्रावणात वारुळावरची अळंबी पानात बांधून विकायला बसलेल्या बायका बघितल्या असतील. त्या बायका एकेक अळंबी उलटी करून, देठ बघून, हुंगून घेतात आणि शंका आली की फेकतात. तुमच्या इंजिनिअरानं पाकिटावरचं चित्र बघून बी पेरलंय. त्याला डब्यातच काही उगवायची हौस असेल तर भाताच्या पेंढ्यावर धिंगरी लावायला सांगा. तुमच्याकडे पेंढ्याला तोटा नाही, आणि बेळगावच्या हॉटेलांत ती खपते.

आता खरा प्रश्न. सरकारनं नशेची झाडं, नशेची अळंबी लावायला बंदी करावी का?

मुलाचा मुद्दा निसर्गाचा आहे, आणि तो लंगडा आहे. तुमच्या बांधावर धोत्रा उगवतो. महाशिवरात्रीला त्याचं फळ पिंडीवर वाहतो, आणि ते पोटात गेलं तर माणूस बरळत बरळत जातो. कण्हेर दारात लावतो, तीही विषारी. दोन्हींवर बंदी नाही, दोन्ही शंभर टक्के नैसर्गिक. निसर्गानं दिलं म्हणजे चांगलं, असं निसर्गानं कधी म्हटलेलं नाही.

पण मुलानं हाच धोत्रा उलटा फिरवला असता तर मला उत्तर देणं जड गेलं असतं. धोत्र्याला मोकळीक आणि गांजाला दहा वर्षं, हे कुठल्या मापानं? जीव घेण्याच्या मापानं तर नक्कीच नाही. आणि त्यासाठी बांधावरही जायला नको, निपाणीला जा.

माझी धाकटी मावशी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. दिवसभर चाळण मारायची, तोंडाला ओल्या पदराचा फडका. आमच्याकडे यायची तेव्हा तिची वळकटी सोडली की घरभर शिंका. रात्री ती खोकायची आणि आई पलीकडच्या खोलीत कूस बदलायची. मावशीनं आयुष्यात एक विडी ओढली नाही. पंचावन्नाव्या वर्षी गेली. ते पान नशेचंच. निकोटिनाचं व्यसन सुटत नाही म्हणून सुटत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं आपल्या देशात तंबाखूनं दरवर्षी तेरा लाखांहून जास्त माणसं मरतात. त्या पानाला लिलाव आहे, कर आहे, आमदार आहेत. १९८१ साली शरद जोशींच्या मागं निपाणीचे शेतकरी रस्त्यावर बसले, पोलिसांच्या गोळीबारात मेले, ते तंबाखू लावली म्हणून नव्हे, भाव मागितला म्हणून.

हे वाचून कुणी म्हणेल, मग तंबाखूवरही बंदी आणा. नको. निपाणी-चिकोडी भागातली हजारो घरं त्या पानावर जगली, शिकली. आमच्या घरातली माझी वकिलीची फीसुद्धा एका वर्षी मावशीनं भरलेली आहे. म्हणूनच मला हा प्रश्न एका वाक्यात सोडवता येत नाही.

आप्पा सांगत असतील की आमच्या वेळी गांजाला कुणी विचारत नव्हतं. अर्धं खोटं आहे. आप्पा लहान होते तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, आणि त्या राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात गांजा-भांगही होती. विचारत नव्हते ते कायदा नव्हता म्हणून नाही, फौजदाराला आणखी कामं होती म्हणून. उरलेलं अर्धं मात्र खरं आहे. त्याच्याही आधी, १८९३ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटात कुणीतरी विचारलं की हिंदुस्थानात गांजानं लोक बिघडतायत काय? सरकारनं सात जणांचा आयोग नेमला. त्यांनी देशभर फिरून हजारावर साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये मोठा थोरला अहवाल दिला. बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अतिरेक करणाऱ्याला होतो, सरसकट बंदी करू नये, परवाना आणि कर लावून ताब्यात ठेवावं. साहेबाला कराची गोडी होती हे विसरायला नको, पण साक्षी त्यांनी घेतल्या होत्या. पुढं १९६१चा आंतरराष्ट्रीय करार आला. त्यात भारतासारख्या देशांच्या आग्रहानं पान आणि बी व्याख्येतून वगळलं गेलं आणि बाकीचं बंद करायला पंचवीस वर्षं मिळाली. ती संपत आली तेव्हा १९८५चा कायदा झाला. मघाशी विचारलात ना, पान चालतं आणि फूल चालत नाही हा हिशेब कुणी केला, तर असा झाला. डॉक्टरांनी नव्हे, वाटाघाटीला बसलेल्यांनी.

मला स्वतःला हा कायदा खटकायला लागला तो एका खटल्यापासून. पंचवीसेक वर्षं झाली. जिल्ह्याच्या पूर्वेकडचा एक माणूस, उसाला पाणी पाजायच्या कामावर. ऊस डोक्याच्या वर गेला, बांधणी झाली की आत कुणी पाऊल टाकत नाही. त्या फडाच्या पोटात चार सऱ्या गांजा होता. शेत एकाचं, कसायला घेतलेलं दुसऱ्यानं, बी आणून देणारा तिसरा, माल उचलणारा चौथा. पोलीस आले तेव्हा फडात हा पाचवा होता, हातात फावडं. त्याच्या बायकोनं मला फी म्हणून चिंचेचा गोळा आणि हजार रुपये आणून दिले. तीन वर्षं तो कच्च्या कैदेत होता. मी भेटायला जायची तेव्हा एकच विचारायचा, 'बाई, त्या फडाचा ऊस गेला काय कारखान्याला?' ऊस कधीच गेला होता. बाकीच्या चौघांपैकी एक साक्षीदार झाला, दोघांची नावं कागदावर आली नाहीत, चौथ्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मला आली. माझा माणूस शेवटी सुटला, पण गावी परत गेला नाही.

झाडावर बंदी घातली की कायदा झाडाजवळ उभ्या असलेल्या माणसाला धरतो. आणि झाडाजवळ उभा असतो तो पाणक्या, नाहीतर तुमचे आप्पा. पैसा करणारा कधी झाडाजवळ उभा राहत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर, परड्यातल्या दोन झाडांसाठी जेल नसावा. दंड करा, उपटून टाका, समज द्या. ज्याला विकायला पिकवायचं आहे त्याच्यावर मात्र सरकारचा हात घट्ट असावा, परवान्याचा. हे काही आकाशातून आणायचं नाही. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला आणि राजस्थानातल्या लगतच्या जिल्ह्यांत अफू राजरोस पिकते. ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा परवाना, मोजून दिलेली जमीन, बोंडाला चिरा मारून काढलेला चीक सरकारलाच घालायचा आणि हेक्टरी ठरलेलं मॉर्फिन भरलं नाही तर परवान्यावर गदा. तिथंही चोरी होतेच. बोंडं पळवणारे पोपटसुद्धा आहेत म्हणे, शेतकरी त्यांच्यावर जाळी टाकतात. पण कॅन्सरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या माणसाला दिलेलं मॉर्फिन त्याच जातीच्या बोंडातून येतं. सरसकट बंदी असती तर ते कुठून आणलं असतं? गांजालाही कायद्यातच परवान्याची फट आहे. उत्तराखंडानं २०१८ मध्ये ती वापरून धाग्या-बियासाठी, नशा जवळजवळ नसलेल्या भांगेच्या लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली.

बंदीनं काहीच होत नाही असंही नाही, हे मुलाला सांगायला हवं. तालिबाननं एप्रिल २०२२ मध्ये अफूबंदी जाहीर केली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत २०२३ साली तिथली लागवड ९५ टक्क्यांनी खाली आली. २ लाख ३३ हजार हेक्टरवरून अकरा हजारांच्या आत. बंदुकीच्या धाकानं झाड उपटता येतं. पण त्या शेतकऱ्यांनी त्या वर्षी काय खाल्लं ते विचारू नका, आणि त्याच वर्षी अफूच्या लागवडीत म्यानमार जगात पहिला आला. झाड मेलं नाही, शेत बदललं.

आणि मोकळं सोडूनही भागत नाही. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा यादीतून काढला, नियम नंतर करू म्हणाले. गल्लोगल्ली दुकानं झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही, इथं यावं लागलं. जर्मनीनं १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला घरी तीन झाडं लावायची मुभा दिली, मुलांपासून लांब ठेवायच्या अटीसह. कॅनडात घराला चार. तुमचा मुलगा पुढं शिकायला जर्मनी-बिर्मनीला जायचं म्हणत असेल, हल्ली सगळेच म्हणतात, तर तिथं जाऊन खुशाल तीन लाव म्हणावं. इथं केस लागली तर पासपोर्टालाच कोर्टाच्या दारात बसावं लागतं.

एक गोष्ट माझ्या मताच्या विरुद्ध जाते, ती लपवत नाही. आमच्या टिळकवाडीच्या गल्लीत एक मुलगा होता. सोळाव्या वर्षापासून रोज गांजा. अठराव्या वर्षी त्याला भिंतीतून कुणीतरी बोलावतंय असं ऐकू यायला लागलं. त्याच्या आजीलाही असंच काही होतं, ते घरच्यांनी दडवलेलं. कोवळ्या वयात, रोज, कडक माल, आणि घरात मनाच्या आजाराचा इतिहास, हे जमून आलं की गांजा माणसाला कुठं नेईल सांगता येत नाही. आप्पांनी साठ वर्षं एकादशीला चिलीम ओढली आणि काही झालं नाही, यावरून नातवाला काही होणार नाही असं ठरत नाही. कायदा सैल करा म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी आधी या मुलाच्या आईसमोर उभं राहून बोलावं. मी बोलले होते. ती म्हणाली, 'बंदी होती की तेव्हा, बाई. मिळतच होता.'

तर वहिनी, तुमच्या पत्राकडे परत. तुम्ही झाडांबद्दल दीड पान लिहिलंय, आणि मधेच एक ओळ घातलीय, की मुलाला दुसऱ्या वर्षापासून झोप येत नाही. मला वाटतं पत्र त्या ओळीसाठी होतं. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा वर्षभर झोपत नाही आणि कुणाला न सांगता माळ्यावर स्वतःचं औषध पेरतो. त्यानं काहीतरी वाचलंय, आणि ते सगळं खोटं नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना, इतर औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी, हे सायलोसायबिन देता येतं. पण ते डॉक्टर शेजारी बसवून, मोजून. डब्यातलं चिमटीनं नव्हे.

त्याला डबा फेक म्हणून ओरडायच्या आधी विचारा, रात्री जागा असतोस तेव्हा काय करतोस? आणि गप्प बसा. तो बोलेल. म्हशीची धार काढताना विचारा, समोरासमोर बसवून नको, मुलं बाजूला उभी राहिली की जास्त बोलतात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी सेवेचा, फुकटचा फोन आहे, दिवसरात्र. खानापूरहून धारवाड काही लांब नाही, तिथं डिमहान्समध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. सुट्टी संपायच्या आत एक फेरी मारा, दोघंच. गावात विचारलं तर धारवाडला साडी बघायला गेलो होतो म्हणा.

आप्पांना कायदा सांगू नका, ऐकायचे नाहीत. त्यांना उतारा दाखवा. कागदावर बोट ठेवून म्हणा, 'आप्पा, हे नाव तुमच्या लेकाचं. पोलीस आले तर वर्दी याची उतरते.' जुनी माणसं स्वतःच्या जेलला भीत नाहीत, लेकाच्या अब्रूला भितात. झाडं त्यांनाच उपटू दे, त्यांच्याच हातानं, तुम्ही किंवा मुलानं नाही. मुळासकट, आणि वाळवून माळ्यावर ठेवायचं नाही, कुणाला वाटायचं नाही. आळं तसंच राहू दे. त्यात काय लावायचं ते त्यांना ठरवू दे. माझे वडील असते तर कढीलिंब लावला असता. एकादशीचं काय, असं विचारतील. म्हणावं, टाळ आहेत की. चिलमीचं साठ वर्षांचं वळण एका दिवसात सुटत नाही. चिडचिड होईल, पहिले काही दिवस झोप उडेल. घरात दोघं जागे असतील तर नातू आणि आजोबा एकत्र पत्ते खेळू देत.

आणि खसखस. होय, ती अफूच्याच बोंडातली आहे. पण दाण्यात नशा नसते, विकणं-खाणं कायद्याला मान्य आहे, आपल्याकडे बरीचशी तुर्कस्तानातून येते. परड्यात पेरायची तेवढी नाही. डबा टाकू नका. उरली तर तुमच्या कानडी शेजारणीला विचारून गसगसे पायस, म्हणजे खसखशीची खीर, करा, आमच्याकडे सणाला अनारशांपेक्षा तेच आधी संपतं. फक्त चाळून घ्या. हल्ली खसखशीत वाळू फार निघते.